मेंदूच्या प्रयोगशाळेत आमची मुले कधी जाणार?

दि. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक सविस्तर निवेदन सादर केले. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. या निवेदनात शिक्षणाचा विषय मांडताना त्यांनी एक गोष्ट रोखठोक सांगितली. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्यांचे फारसे भले होणार नाही. भले होईल ते विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाने. हे शिक्षण महागडे असल्यामुळे सरकारनेच देशातील शिक्षणासाठी दरवर्षी दोन लाख आणि परदेशातील शिक्षणासाठी एक लाख रुपये द्यावेत, अशी मागणी त्यांनी केली. स्वतः कायदेपंडित आणि अर्थशास्त्रज्ञ असलेला महामानव आपल्या समाजासाठी विज्ञान मागत होता, हे आम्ही विसरता कामा नये.

या मागणीला ऐंशीहून अधिक वर्षे झाली. दरम्यान आमच्यातून वकील झाले, प्राध्यापक झाले, अधिकारी झाले, डॉक्टर आणि इंजिनिअर झाले. एमपीएससीची तयारी कशी करावी हे आज कुठल्याही विहारात विचारा, चार मुले तोंडपाठ सांगतील. पण बी.एस्सी. झालेली एखादी मुलगी म्हणाली, "मला मेंदूविज्ञानात पीएच.डी. करायची आहे," तर अर्ज कुठे करायचा, कधी करायचा, पैसे कोण देणार, हे तिला सांगणारा माणूस वस्तीत सोडाच, तालुक्याच्या कॉलेजातही सापडत नाही. तिची हुशारी कमी पडत नाही. तिच्यापर्यंत माहिती पोचत नाही. आणि माहिती न पोचणे हा या देशात कधीच योगायोग नव्हता!

म्हणून आजच्या लेखात आम्ही हाच विषय घेतला आहे.

मेंदूविज्ञान आमच्या कामाचे आहे काय?

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. या पेशी एकमेकींना निरोप कसे देतात, त्यातून आठवण, भीती, वेदना, बोलणे, चालणे कसे घडते, आणि हे बिघडले की पक्षाघात, फेफरे, कंपवात, विस्मरण हे आजार कसे होतात, याचा अभ्यास म्हणजे मेंदूविज्ञान. हे केवळ डॉक्टरांचे क्षेत्र नाही. जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, मानसशास्त्र, संगणक, इंजिनिअरिंग अशा कुठल्याही वाटेने इथे येता येते.

काही वाचक म्हणतील, पोटाची भ्रांत असलेल्या समाजाने मेंदूचे संशोधन कशाला करायचे? त्यांना आम्ही तीन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण गटारात उतरणाऱ्या आमच्या बांधवांचे. गटारातील हायड्रोजन सल्फाइड वायू पेशींचा श्वास कोंडतो आणि त्याचा पहिला घाव मेंदूवर बसतो. माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. जे मरतात त्यांची निदान बातमी होते. जे वाचतात त्यांच्या स्मरणशक्तीवर, हालचालींवर पुढे काय परिणाम होतो, हे वर्षानुवर्षे कोण तपासणार?

दुसरे उदाहरण यवतमाळचे. २०१७ साली तिथे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात गेले. फवारणीच्या अनेक औषधांचा घाला थेट चेतासंस्थेवर असतो. चेतापेशीचा निरोप पोचल्यावर तो पुसून टाकणारे रसायन ही औषधे निकामी करतात. पाठीवर पंप घेऊन दुसऱ्याच्या शेतात फवारणी करणारा मजूर बहुतांशी कोणत्या समाजाचा असतो, हे सांगायला संशोधकाची गरज नाही.

तिसरे उदाहरण सिकलसेलचे. विदर्भात बौद्ध आणि आदिवासी समाजाला हा आजार चांगलाच परिचयाचा आहे. यात लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यातून लहान मुलांना पक्षाघात होऊ शकतो. कधी मेंदूला इतकी बारीक इजा होते की बाहेरून काहीच दिसत नाही, पण मूल अभ्यासात मागे पडू लागते. अमेरिकेत हा आजार मुख्यतः कृष्णवर्णीयांत आढळतो. डोक्याच्या रक्तवाहिन्यांची ध्वनिलहरींनी तपासणी करून धोक्यातील मुले आधीच ओळखता येतात आणि त्यांना नियमित रक्त दिल्यास पहिला पक्षाघात टाळता येतो, हे तिथल्या एका मोठ्या चाचणीने १९९८ साली दाखवून दिले. भारतातील सिकलसेलची जनुकीय जातकुळी आफ्रिकेतल्यापेक्षा वेगळी आहे. त्यामुळे इथल्या मुलांचा अभ्यास इथेच झाला पाहिजे. तो कोण करणार? ज्याच्या घरात हा आजार आहे त्याच्या मुलाला हा प्रश्न सुचतो. इतरांना तो सुचवावा लागतो.

मोजपट्टी कोणाच्या हातात?

याहूनही एक मोठे कारण आहे. माणसाचे डोके मोजून त्याची लायकी ठरवण्याचा उद्योग जुना आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सॅम्युएल मॉर्टन कवट्यांत दाणे भरून कोणत्या वंशाचा मेंदू मोठा हे ठरवत होता. आपल्याकडे १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले याने नाकांची मापे घेऊन जातींची उच्चनीचता वंशाशी जोडली. बाबासाहेबांनी त्यावर केवळ संताप व्यक्त केला नाही. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी नाकांच्या मापांचीच आकडेवारी समोर ठेवली आणि ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशाचे असल्याचा सिद्धांत त्याच आकड्यांनी खोडून काढला. मोजणाऱ्यांचेच माप त्यांच्याच पदरात टाकले!

आज कवटीच्या जागी एमआरआय यंत्र आले आहे. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे अकराशे मुलांच्या आणि तरुणांच्या मेंदूंची चित्रे तपासण्यात आली. कुटुंबाचे उत्पन्न आणि मेंदूच्या बाह्यपटलाचे क्षेत्रफळ यांचा संबंध असल्याचे त्यात दिसले, आणि तो सर्वात गरीब कुटुंबांत सर्वात ठळक होता. आता या एकाच निष्कर्षाचे दोन अर्थ निघू शकतात. एक म्हणतो, गरिबी मुलांच्या मेंदूला इजा करते, म्हणून गरिबी हटवा, पोषण द्या, चांगली शाळा द्या. दुसरा म्हणतो, गरिबांचा मेंदूच कमी, त्यांना आरक्षण देऊन काय उपयोग? 'मेरिट'चा ढोल वाजवणाऱ्या या देशात दुसरा अर्थ काढणारे किती निघतील? त्या दिवशी आकडे हातात घेऊन उत्तर देणारे आमचे किती असतील? प्रश्न आमच्या मेंदूंचा असेल आणि प्रयोगशाळेत आमचे कोणीच नसेल, तर निकाल काय लागणार हे आम्हाला इतिहासाने शिकवले आहे.

पीएच.डी. फी भरून करायची नसते

आमच्या पालकांच्या मनात एक मोठा गैरसमज आहे. उच्च शिक्षण म्हणजे लाखांची फी, बँकेचे कर्ज, प्रसंगी घर गहाण. परदेशी शिक्षणाचा धंदा करणाऱ्या एजंटांनी हा समज पक्का केला आहे, कारण त्यांचे कमिशन फी भरून करायच्या मास्टर्स अभ्यासक्रमांत असते. संशोधनाच्या पदवीचे गणित उलटे आहे. चांगल्या संस्थेत संशोधक विद्यार्थी हा प्रयोगशाळेत काम करणारा माणूस असतो आणि त्या कामाचे त्याला विद्यावेतन मिळते. भारतात २०२३ मध्ये कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती दरमहा ३७ हजार आणि वरिष्ठ ४२ हजार रुपये करण्यात आली, घरभाडे वेगळे. अमेरिकेतील बहुतेक नामांकित विद्यापीठांत मेंदूविज्ञानाच्या पीएच.डी. विद्यार्थ्याची फी विद्यापीठ भरते आणि वर राहण्या-खाण्यापुरते विद्यावेतनही देते. म्हणजे ज्या शिक्षणाला पैसे लागतात तिकडे आमची मुले कर्ज काढून जातात आणि ज्या शिक्षणात पैसे मिळतात तिकडे फिरकतही नाहीत!

देशातील दारे

हरियाणातील मानेसर येथे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. बेंगळुरूला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, भारतीय विज्ञान संस्थेचे मेंदूविज्ञान केंद्र आणि निम्हान्स आहे. पुण्याला आयसर आहे. मुंबईत कुलाब्याच्या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथल्या जीवशास्त्र विभागात चेतापेशींवर काम चालते. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरातून लोकल आणि बस पकडून दीड-दोन तासांत तिथे पोचता येते. हे अंतर किलोमीटरचे असते तर आमच्या मुलांनी ते कधीच कापले असते.

या दारांच्या किल्ल्या म्हणजे प्रवेशपरीक्षा. एम.एस्सी.वाल्यांसाठी सीएसआयआर-नेटची जीवविज्ञान परीक्षा वर्षातून दोनदा होते. तिला खुल्या वर्गासाठी ५५ टक्के तर अनुसूचित जाती-जमातींसाठी ५० टक्के गुणांची अट आहे. गेट परीक्षा फेब्रुवारीच्या सुमारास होते आणि तिची फी आमच्या मुलांना निम्मी असते. टाटा संस्था आणि राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र यांच्यासाठी जीवशास्त्राची संयुक्त प्रवेशपरीक्षा साधारणतः डिसेंबरात होते. तिचा अर्ज दिवाळीच्या आगेमागे भरावा लागतो. बी.एस्सी.नंतर थेट एकात्मिक पीएच.डी.ला जायचे असेल तर 'जॅम' ही परीक्षा आहे. भारतीय विज्ञान संस्थेचा जीवविज्ञानाचा एकात्मिक अभ्यासक्रम याच वाटेने मिळतो. परीक्षेनंतर मुलाखत असते आणि खरा निवाडा तिथेच होतो.

कागदपत्रांबाबत एक गोष्ट ठणकावून सांगितली पाहिजे. केंद्रीय संस्थांना केंद्र सरकारच्या नमुन्यातील जातप्रमाणपत्र लागते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही मिळाल्या, पण केवळ 'बौद्ध' असे लिहिलेला दाखला तिथे चालत नाही. मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख असलेला, योग्य नमुन्यातील दाखला लागतो. मुलाखतीचे पत्र हातात पडल्यावर तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा हा कागद एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षातच काढून ठेवावा.

परिशिष्टातला भेदभाव

आता एक गोष्ट अशी, जी आमच्या नेत्यांनीही फारशी बोलून दाखवलेली नाही. केंद्रीय शिक्षणसंस्थांतील प्रवेशात आरक्षण देणारा कायदा २००६ साली संसदेने केला. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमाने काही संस्थांना आरक्षणातून वगळले. कोणत्या? परिशिष्टात नावे आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्था, होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि तिची केंद्रे, जवाहरलाल नेहरू प्रगत संशोधन केंद्र, भौतिक संशोधन प्रयोगशाळा, आणि मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र! बेंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र हे टाटा संस्थेचाच भाग आहे. म्हणजे ज्या संस्थेच्या नावातच 'राष्ट्रीय' आणि 'मेंदू' हे दोन्ही शब्द आहेत, तिला आरक्षणाचा हा कायदा बंधनकारक नाही. संस्था आपणहून काही सवलत देत असेल तर ती दरवर्षीच्या जाहिरातीत बारकाईने वाचावी. पण कायद्याचा हक्क वेगळा आणि संस्थेची मर्जी वेगळी.

या संस्थांना 'उत्कृष्टतेच्या संस्था' म्हटले आहे. उत्कृष्टता आणि आमची मुले एका खोलीत राहू शकत नाहीत, असा याचा सरळ अर्थ होतो. आणि जिथे आरक्षण लागू आहे तिथे तरी काय चित्र आहे? भारतीय विज्ञान संस्थेत २०१६ ते २०२० या काळात पीएच.डी.ला प्रवेश मिळालेल्यांत अनुसूचित जातींचा वाटा सुमारे ९ टक्के, अनुसूचित जमातींचा २ टक्क्यांच्या आसपास आणि इतर मागासवर्गीयांचा ८ टक्के होता. कायद्याने तो अनुक्रमे १५, साडेसात आणि २७ टक्के असायला हवा होता. परिशिष्ट बदलण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. मागणी करणाराच कोणी नाही!

अर्जाच्या प्रत्येक रकान्यात दडलेली जात

अर्जात गुणपत्रिकेखेरीज तीन गोष्टी पाहतात: संशोधनाचा अनुभव, शिफारसपत्रे आणि हेतुपत्र. वरवर पाहता यात जात कुठेच नाही. खरे तर ती प्रत्येक रकान्यात आहे.

अनुभवाचे घ्या. ज्याचे वडील प्राध्यापक आहेत तो मुलगा बारावीच्या सुट्टीतच एखाद्या प्रयोगशाळेत चक्कर मारून येतो. आमच्या मुलाला सुट्टी म्हणजे कमाईचा हंगाम. यावर एक उपाय आहे. देशातील तीन विज्ञान अकादम्या मिळून दरवर्षी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. टाटा संस्थेचाही असाच उन्हाळी उपक्रम आहे. दोन महिने नामांकित शास्त्रज्ञाकडे काम करायला मिळते आणि वर विद्यावेतनही. अर्ज आदल्या हिवाळ्यात भरावे लागतात आणि आमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर ते लागतच नाहीत. ज्यांच्या कॉलेजात धड सूक्ष्मदर्शकही नाही, त्यांनी हेही लक्षात ठेवावे की आज मेंदूविज्ञानाचा मोठा भाग संगणकावर चालतो. अमेरिकेतील सिएटलच्या ॲलन इन्स्टिट्यूटने मेंदूच्या नकाशांची प्रचंड माहिती जगाला फुकट खुली केली आहे. संगणकाची एक भाषा शिकून त्या माहितीवर केलेले छोटेसे कामही अर्जात वजनदार ठरते.

शिफारसपत्राचे घ्या. परदेशात आणि इथल्या कित्येक संस्थांत दोन किंवा तीन प्राध्यापकांची पत्रे लागतात. आमचा मुलगा मागच्या बाकावर बसलेला, सरांच्या केबिनमध्ये कधी न गेलेला. तो पत्र मागायलाच कचरतो. मिळाले तरी त्यात 'विद्यार्थी आज्ञाधारक व सुस्वभावी आहे' एवढेच लिहिलेले असते. अशा पत्राने अर्ज तिथेच मरतो! निवड करणाऱ्यांना हवे असते ते वेगळेच. या विद्यार्थ्याने कोणता प्रयोग केला, तो बिघडल्यावर त्याने काय केले, वर्गात कोणता प्रश्न विचारला. म्हणून विद्यार्थ्याने सरांना दोन महिने आधी भेटावे, आपल्या कामाची एक पानाची टिपणी द्यावी, अंतिम तारीख लिहून द्यावी आणि आठवण करून द्यायला लाजू नये. ही भीक नव्हे. बाबासाहेब १९१६ साली कोलंबियाहून लंडनला गेले तेव्हा त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्रा. फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिले होते. एवढा प्रकांड विद्यार्थीसुद्धा पत्र घेऊन गेला होता, मग आमच्या मुलांनी संकोच का करावा?

हेतुपत्राचे घ्या. इंग्रजीतील दोन पानांत आपल्याला काय शोधायचे आहे आणि ते याच संस्थेत का, हे सांगायचे असते. आमची मुले इथे दोन चुका करतात. एक तर 'लहानपणापासून मला विज्ञानाची आवड आहे' अशी पाठ केलेली वाक्ये लिहितात, नाहीतर सगळी पाने हालअपेष्टांनी भरतात. हालअपेष्टा लपवू नयेत, पण त्यातून प्रश्न निघाला पाहिजे. 'माझ्या धाकट्या भावाला सिकलसेल आहे' हे एक वाक्य पुरे. पुढच्या वाक्यापासून रक्तवाहिनी, मेंदू, आधी झालेले संशोधन आणि त्यात राहिलेली फट यांवर बोलावे. मग वाचणाऱ्याला दयेची नाही, दखलेची गरज भासते.

आणि मुलाखत! तिथे फाडफाड इंग्रजीपेक्षा विचार तपासला जाणे अपेक्षित असते. येत नसेल तर 'मला माहीत नाही, पण मी असा विचार करीन' असे सांगण्यात कमीपणा नाही. आपण केलेल्या प्रयोगाची प्रत्येक पायरी का केली, हे मात्र झोपेतून उठवले तरी सांगता आले पाहिजे. तोंडी परीक्षेत भेदभाव होतो ही आमची कल्पना नव्हे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या नफे समितीला २०१६ साली लेखी आणि तोंडी गुणांतील तफावत सामाजिक गटांनुसार सातत्याने बदलत असल्याचे आढळले होते. म्हणूनच तयारी दुप्पट हवी आणि मुलाखतीनंतर गुणांचा तपशील माहिती अधिकारात मागण्याची सवयही हवी.

परदेशाची वाट

अमेरिकेतील मेंदूविज्ञानाच्या पीएच.डी.चे अर्ज बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या सुरुवातीला बंद होतात. जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखती होतात आणि साधारणपणे १५ एप्रिलपर्यंत विद्यार्थ्याने होकार कळवायचा असतो. चांगली बातमी म्हणजे जीआरई परीक्षेची अट या क्षेत्रातील अनेक विद्यापीठांनी काढून टाकली आहे. अडचण वेगळीच आहे. प्रत्येक अर्जाची फी साधारण ७५ ते १२५ डॉलर असते. दहा विद्यापीठे धरली तर हजार डॉलर, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या वर! त्यात इंग्रजीच्या परीक्षेची फी वेगळी. पुढे पाच-सहा वर्षे पगार मिळणार आहे, पण या उंबरठ्यावरच्या रकमेपायी आमचा मुलगा परत फिरतो. काही विद्यापीठे फी माफ करतात. त्यांना आधी पत्र लिहून विचारावे.

२०२५ साली अमेरिकी सरकारने संशोधनाच्या निधीला कात्री लावली. काही विद्यापीठांनी प्रवेश कमी केले, काहींनी तर दिलेले प्रवेश मागे घेतले. त्यामुळे सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत. जर्मनीत गॉटिंगेन येथे मॅक्स प्लांक संस्थांच्या सहभागाने मेंदूविज्ञानाचा एम.एस्सी.-पीएच.डी. अभ्यासक्रम इंग्रजीत चालतो आणि बी.एस्सी. झालेलेही तिथे अर्ज करू शकतात. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठांना शिक्षण फी नाही.

सरकारी शिष्यवृत्त्या आहेत. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ७५ जागांची आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. तिच्या जागा १२५. पण भरवसा किती ठेवायचा? २०२२ साली केंद्राने भारतीय संस्कृती, इतिहास आणि समाज हे विषयच या योजनेतून वगळले. २०२५ साली १०६ जणांची निवड झाली आणि पहिल्या टप्प्यात पत्रे मिळाली ४० जणांना. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास पाहू असे सांगण्यात आले. बाबासाहेबांची बडोद्याची शिष्यवृत्ती १९१७ साली संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. ते १९२० साली पुन्हा गेले ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज यांच्या बळावर. शिष्यवृत्ती तुटली तरी विद्यार्थी तुटू नये, ही व्यवस्था तेव्हा माणसांनी केली होती. आज ती कोण करणार?

आत गेल्यावर

प्रवेश मिळाला म्हणजे लढाई संपली असे नाही. 'एम्स'मधील जातीय छळाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीचा अहवाल २००७ साली आला. हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला याचे विद्यावेतन महिनोन् महिने थांबले होते. १७ जानेवारी २०१६ रोजी आम्ही त्याला गमावले. पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे विद्यार्थी एका गाईडच्या हाताखाली असतो. म्हणून गाईड निवडताना त्याच्या शोधनिबंधांइतकीच त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांकडे चौकशी करावी. किती जण पदवी घेऊन बाहेर पडले, किती मध्येच सोडून गेले, विद्यावेतन वेळेवर मिळते का, हे विचारावे. अमेरिकेत पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत आळीपाळीने काम करून मगच गाईड ठरवतात; भारतातही काही संस्थांत ही पद्धत आहे. अशी संस्था निवडणे शहाणपणाचे.

आता चळवळीने काय करावे?

केवळ व्यवस्थेला दोष देऊन आम्ही थांबणार नाही. बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा समाजाच्या कामासाठी द्यायला सांगितले होते. प्रत्येक जिल्ह्यातील नोकरदारांनी त्यातून 'अर्ज फी निधी' उभा करावा. दहा अर्जांचे पैसे म्हणजे जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेचा खर्च. जयंती धूमधडाक्यात करावी, पण त्या वर्गणीतून एका मुलीचे अर्ज गेले तर ती जयंती वर्षभर चालेल.

दुसरे, आमच्यातील निवृत्त आणि सेवेतील प्राध्यापकांनी, विशेषतः ज्यांनी स्वतः पीएच.डी. केली आहे त्यांनी, महिन्यातून एक रविवार विहारात बसावे. मुलांची हेतुपत्रे तपासावीत, लटकी मुलाखत घ्यावी, चांगले शिफारसपत्र कसे असते ते दाखवावे. तिसरे, प्रत्येक विहाराच्या फळ्यावर एमपीएससीच्या तारखांशेजारी नेट, गेट, जॅम, उन्हाळी शिष्यवृत्ती आणि परदेशी अर्जांच्या तारखा लिहिल्या जाव्यात. त्याला खर्च येतो तो एका खडूचा.

चौथे काम रस्त्यावरचे आणि संसदेतले. २००६ च्या कायद्याचे परिशिष्ट रद्द करा, मानेसरच्या मेंदू केंद्रासह सर्व संशोधन संस्थांना आरक्षण लागू करा, ही मागणी आमच्या प्रत्येक खासदाराने मांडली पाहिजे आणि न मांडल्यास त्याला जाब विचारला पाहिजे. बार्टीच्या संशोधक विद्यार्थ्यांना हक्काच्या शिष्यवृत्तीसाठी २०२३ साली आझाद मैदानावर बसावे लागले, हे आम्ही विसरलेलो नाही.

यंदाच्या दिवाळीपर्यंत आपल्या ओळखीतल्या बी.एस्सी., एम.एस्सी., बी.टेक.च्या एका तरी विद्यार्थ्याला हा लेख दाखवा आणि त्याला विचारा, डिसेंबरचा अर्ज भरलास का? नसेल भरला तर त्याच्या शेजारी बसून भरून घ्या. मेंदू आमच्याकडेही तोच आहे, ८६ अब्ज पेशींचा. त्याचा अभ्यास करणाऱ्यांत आमचीही नावे असली पाहिजेत.

जयभीम!